खांबेटे मास्तरांचा धबधबा

तात्या खांबेट्यांइतका जगभर हिंडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते सारे हिंडणे त्यांनी गिरगावातल्या आमच्या शाळेच्या चौथ्या इयत्तेच्या खोलीत केले. खोली लहान होती. तिची एक खिडकी म्हशींच्या गोठ्याकडे उघडत असे आणि दुसरी उघडतच नसे. तेवढ्या जागेत तात्या मंगळवारी हिमालय चढत, बुधवारी सहाराचे वाळवंट ओलांडत आणि गुरुवारी एखाद्या महानदीतून सुखरूप बाहेर येऊन तपकीर ओढत. बावीस वर्षांच्या या प्रवासात त्यांच्या पगडीला कधी धूळ लागली नाही.

मी त्या शाळेत लागलो तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या सांगोल्याला माझे वडील बाजाराच्या दिवशी गोणपाटावर बसून गूळ विकत. त्यांच्या मुलाच्या नावापुढे दोन अक्षरे लागली हे कळल्यावर मला पाहायला निम्मे गाव लोटले, आणि मी पूर्वीसारखाच दिसतो आहे असे पाहून थोडे हिरमुसून परत गेले. मुंबईत कोणी पाहायलाही आले नाही. आले ते फक्त तात्या. पहिल्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर त्यांनी मला गाठले.

"कुठले आपण?"

"सांगोल्याचा. हिंगमिरे माझं नाव."

तात्यांनी डोळे मिटले. "सांगोले. माणगंगेचा मुलूख. पाऊस बेताचा, जमीन हलकी. बाजरी, मेंढरं, घोंगड्या. माणसं काटक आणि कमी बोलणारी." मग डोळे उघडून ते म्हणाले, "राहायला जागा आहे का?"

नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला स्वतःच्याच चाळीत समोरची खोली मिळवून दिली. मी वाणी, ते ब्राह्मण, चाळ बहुतेक त्यांच्याच लोकांची. दोन-तीन दारांतून कुरकुर झाली, तेव्हा तात्यांनी व्हरांड्यात उभे राहून माणगंगेच्या खोऱ्याचे वर्णन सुरू केले आणि लोक दारे लावून घेईपर्यंत थांबवले नाही. मुंबईत कसे वागावे याचे काही नियमही त्यांनी मला घालून दिले. ट्रामच्या घोड्यांच्या डाव्या अंगाने चढावे, नळाचे पाणी पहाटे हलके असते, दादरच्या पलीकडचे दूध घेऊ नये. त्यांतले बहुतेक नियम चुकीचे निघाले. पण नियम देणारा तो एकच माणूस असल्यामुळे मी ते वर्षभर मनापासून पाळले.

शिकवताना त्यांचे एकच वाक्य असे : "डोळे मिटा." मुलांनी डोळे मिटले की तात्याही मिटत, आणि त्या मिटल्या डोळ्यांनी सारा वर्ग बर्फावरून घसरत असे. नकाशा ते खडूच्या एका दमात काढीत. आशिया खंड काढताना त्यांचा खडू अरबस्तानापासून निघे तो जपानापर्यंत फळ्यावरून उचलला जात नसे. हे पाहून मला वाटे, एवढे पायाखाली घातल्याशिवाय हात असा चालणार नाही. पदवीधराची समजूत ती.

आता त्यांच्या प्रत्यक्ष प्रवासाविषयी. त्यांची थोरली बहीण परळला भोईवाड्यात दिलेली होती. दरवर्षी भाऊबीजेला तात्या तिच्याकडे जात. आठ दिवस आधी तयारी लागे. त्यांची बायको, आम्हां सगळ्यांच्या काकू, दशम्या करून देत, तांब्या घासला जाई, वळकटी बांधली जाई. निघताना तात्या शेजाऱ्यांचा निरोप घेत, आणि माझाही घेत, तेव्हा त्यांचा आवाज किंचित भरून येई. भोईवाड्यास पोहोचल्याबरोबर ते 'सुखरूप पोहोचलो' असे कार्ड टाकीत. दुसऱ्या दिवशी ते परत येत आणि तिसऱ्या दिवशी ते कार्ड येई. तात्या ते स्वतःच पोस्टमनकडून घेत, वाचत, आणि समाधानाने मान हलवून काकूंच्या हाती देत.

"बघ, म्हटलं होतं ना, काळजी करू नकोस."

"मी कुठं केली?" काकू म्हणत.

मी हे दोन वर्षे पाहिले आणि तरी माझ्या डोक्यात काही आले नाही.

सगळी गडबड झाली ती शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यामुळे. आषाढाचे दिवस होते. साहेब चौथीत शिरले तेव्हा 'धबधबा' हा पाठ चालू होता. नेरळ स्टेशनापासून दोन कोसांवर धारकडा म्हणून एक कडा आहे. तात्या धबधबा शिकवत तो नेहमी त्या धारकड्याचा. सहाराचे वाळवंट मुलांच्या बापांनीही पाहिले नव्हते, धारकड्याचे नाव मात्र मुंबईत पुष्कळांच्या कानावर होते, म्हणून तात्या इथे विशेष काळजी घेत. पाणी कड्यावर येताना कसे थबकते, मग एकदम कसे अंग टाकते, खाली त्याचा कसा धूर होतो आणि त्या धुरात इंद्रधनुष्य कसे उभे राहते, हे ऐकताना पहिल्या बाकावरच्या मुलांनी आपल्या पाट्या मांडीखाली घेतल्या. पाट्या भिजतील म्हणून. साहेबांनीही खुर्ची वीतभर मागे सरकवली. निदान असे आमचे हेडमास्तर पुढे सगळ्यांना सांगत.

पाठ संपल्यावर साहेबांनी विचारले, "आपण हे ठिकाण पाहिलं आहे?"

तात्या म्हणाले, "अनेकदा."

साहेब निघून गेले, आणि त्यांचा शेरा आठ दिवसांनी आला. पाठ उत्तम आहे, परंतु भूगोल हा विषय आता पदवी घेतलेल्या शिक्षकाकडे असावा, असे त्यात होते. शाळेत पदवी घेतलेला शिक्षक मी एकटा. हेडमास्तरांना शेरा हा शिलालेखासारखा वाटत असे; ते लगेच वेळापत्रक बदलायला बसले. पण शाळेच्या कमिटीचे चिटणीस नानासाहेब आडवे आले. नानासाहेब एका मोठ्या वकिलाच्या कचेरीत मुख्य कारकून होते, आणि पुराव्याशिवाय त्यांना जेवणही पचत नसे.

"पदवी म्हणजे काय हो?" ते म्हणाले. "पुस्तकात पाहिलेलं. खांबेटे म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. प्रत्यक्ष साक्षीदार. मी वर तसं लिहितो. मात्र लिहिण्याआधी मी स्वतः ती जागा पाहीन. तात्या, येत्या रविवारी आम्हांला धारकड्यावर घेऊन चला. दिवसभराची सहल. जाऊ, स्नान करू, तिथंच गरम पिठलं-भात, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तुम्ही वाट दाखवलीत की तुमचा तास तुमच्याकडे. नाही तर मग हिंगमिरे आहेतच."

मी आहेच, हे मला बरे वाटले की वाईट, ते आज सांगता येणार नाही. चेहरा मी कृतज्ञ ठेवला होता.

तात्यांनी शांतपणे पंचांग मागवले.

यापुढचे पाच महिने आमच्या शाळेत जो धर्म जागा झाला तसा आळंदीलाही नसेल. पहिल्या रविवारी एकादशी निघाली. हेडमास्तरांचा निर्जळी उपास. दुसऱ्याला संकष्टी, तिसऱ्याला पुन्हा एकादशी. मग श्रावण लागला, आणि तात्यांनी नानासाहेबांना हळूच आठवण करून दिली की श्रावणातल्या रविवारी आपल्याकडे आदित्य राणूबाईचं व्रत असतं, यजमान घराबाहेर कसे राहणार? भाद्रपदात गणपती, गौरी आणि त्यानंतर पितृपंधरवडा. पितरे घरी जेवायला यायची आणि आपण डोंगरावर पिठलं खायचं, हे कसं दिसेल? आश्विनात नानासाहेबांकडे नवरात्र बसले. मग दिवाळी. मग चातुर्मास संपेपर्यंत हेडमास्तरांना कांदा वर्ज्य, आणि कांद्यावाचून पिठले नानासाहेबांना वर्ज्य. प्रत्येक वेळी आडवे येणारे कारण तात्याच शोधून आणीत, आणि दोघेही त्यांचे आभार मानीत. एवढा धर्मशील माणूस आपल्या शाळेत आहे याचा कमिटीला अभिमान वाटू लागला.

शेवटी मार्गशीर्षातला एक रविवार असा सापडला की त्यात काही म्हणजे काही दोष नव्हता. तात्यांनी पाने पुढे-मागे केली, ओठ हलवले, पण दिवस स्वच्छ होता. त्या वेळी शाळेचा शिपाई हिराजी पाण्याचे तांबे घेऊन आत आला होता. हिराजी माहीमचा कोळी. त्याचे भाऊ अजून होडीवर होते.

"मंगसरात धबधबा?" तो म्हणाला. "नानासायेब, तवर त्यात पानी कुठलं र्‍हायल?"

त्याला तांबे ठेवून जायला सांगण्यात आले. शिपायाला भूगोल विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. खोलीत एक हेडमास्तर, एक कायदा जाणणारे गृहस्थ, बावीस वर्षे पावसाळी वारे शिकवणारे मास्तर आणि एक बी. ए. असे चौघे होतो, आणि चौघांनीही तिथी तपासली होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी तात्या माझ्या खोलीत आले. माझ्या कंदिलाची वात त्यांनी उगाच वर-खाली केली. मग म्हणाले, "हिंगमिरे, धबधब्याचा आवाज किती लांबून ऐकू येतो?"

मी म्हटले, "ते आपणच सांगायचं. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं."

"मलाही ठाऊक नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"माझ्या पत्रिकेत जलघात आहे," ते म्हणाले. "जन्मतःच ज्योतिष्यानं सांगितलं. वडील लवकर गेले; आईला मुलगा मी एकटाच. तिनं मला गळ्याची शपथ घातली, पाणी ओलांडायचं नाही. आणि आपली मुंबई तर बेट. माहीमला गेलं की खाडी, शीवला गेलं की खाडी. मी एवढ्या वयात बेट सोडलेलं नाही."

"पण आई तर जाऊन सहा वर्षं झाली ना?"

"झाली. पण शपथ घालताना 'मी असेपर्यंत' असं ती म्हणाली नव्हती."

मग ते म्हणाले की मुंबईच्या वाचनालयांत डोंगर-दऱ्यांवरची जेवढी पुस्तके आहेत तेवढी त्यांनी वाचली. सुट्टीवरून आलेल्या प्रत्येक माणसाला गाठून त्यांनी विचारले, काय पाहिलं, कसं होतं, रंग कोणता. त्यांनी जे शिकवले त्यात खोटे एक अक्षर नव्हते. फक्त त्यांचे एकही नव्हते.

"तास गेला तर?" मी विचारले.

"तर मग मी कोण?" ते म्हणाले. "चाळीत मी दुसरा काय आहे?" आणि जाता जाता दारातून, "तुम्ही उद्या कुणाला सांगितलंत तर माझा राग नाही. तुमचं नवीन आहे सगळं."

मी सांगितले नाही. ते माझे मोठेपण समजू नये. मी पदवीधर असल्यामुळे गप्प बसणे मला उत्तम जमत असे.

पहाटे आम्ही ट्रामने भायखळ्याला आलो. तात्यांच्या हातात पाच हात लांब बांबू होता आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकाच्या वेळी नेसायची सोवळ्याची धाबळी टांगली होती, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. पुढे हिराजी "बाजूला व्हा, सोवळं येतंय" असे ओरडत चालला होता. गाडी आली तेव्हा बांबू डब्यात मावेना. शेवटी त्याचे टोक खिडकीबाहेर काढावे लागले, आणि गिरगावचे सोवळे निशाणासारखे फडकत निघाले. इंजिनाच्या कोळशाची सगळी काजळी त्यावर बसत होती. पण कोळशाला जात नसल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

शीव मागे पडले आणि पुलावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा तात्यांनी डोळे मिटले. नानासाहेब कौतुकाने मला म्हणाले, "पाहा, अजून जागाही आली नाही, आणि त्यांना दिसायला लागली."

नेरळला उतरल्यावर तात्या पुढे झाले. ते फार ठामपणे चालत होते. पहिल्यांदा आम्ही एका भाताच्या खळ्यात जाऊन पोहोचलो, दुसऱ्यांदा स्मशानात. दोन्ही वेळा तात्या म्हणाले की ही वाट थोडी लांबची, पण शोभा पाहण्यासारखी आहे, आणि नानासाहेबांनी दोन्ही वेळा शोभा पाहिली. तिसऱ्यांदा हिराजीने मोळी घेऊन येणाऱ्या एका ठाकरणीला थांबवले.

"बाय, धारकडा कुठशी आला?"

"धारकड्यावं? आता तिकडं काय हाय?" तिने आम्हां सगळ्यांना, विशेषतः बांबूला, नीट पाहून घेतले. "पानी तं दसऱ्यालाच सरलं."

ती पुढे, हिराजी तिच्यामागे, आणि त्याच्यामागे मुंबईचे चार विद्वान, अशी आमची मिरवणूक चढू लागली. हेडमास्तर दर शंभर पावलांवर बसत आणि उठताना प्रत्येक वेळी म्हणत की आपण दमलेलो नाही. रान सुंदर होते असे मी पुढे पुष्कळांना सांगितले आहे. वास्तविक मी पूर्ण वाटभर तात्यांच्या पाठीकडे पाहत होतो. धोतराचा घोळ करवंदीला अडकून फाटला, तरी त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

दोन तासांनी आम्ही धारकड्याखाली उभे राहिलो. समोर एक प्रचंड काळा दगड होता. कोरडा. त्यावर वाळलेल्या शेवाळाचे पट्टे होते आणि एक माकड बसले होते.

"धबधबा कुठं आहे?" नानासाहेबांनी विचारले.

ठाकरण मोळी टाकून हसत होती. मग हेडमास्तरांच्या डोक्यात, बहुधा बसून विश्रांती मिळाल्यामुळे, प्रकाश पडला. "मार्गशीर्ष आहे हो, नानासाहेब," ते म्हणाले. "पावसाळा संपून किती दिवस झाले. पाणी असणार कसं?"

"मग हे आपल्याला आधी कसं कळलं नाही?"

यावर सगळ्यांनी आकाशाकडे पाहिले. तिथी तर नानासाहेबांनी स्वतः पक्की केली होती, हेडमास्तरांनी तीवर सही केली होती आणि मी ती परिपत्रकात सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. तेव्हा दोष कोणाचाच नाही असे पाच मिनिटांत एकमताने ठरले. नानासाहेब तर उलट खूश झाले. पाणी नसले तरी कडा आहे. कडा तात्यांनी दाखवला. म्हणजे साक्ष पुरी झाली. "तात्या," ते म्हणाले, "उद्याच वर लिहून टाकतो. तास तुमचाच. आता पिठल्याचं पाहू."

तात्या वाचले होते. मी सुटकेचा श्वास टाकला. त्यात थोडा दुसराही श्वास मिसळला असेल.

पिठल्याला पाणी हवे होते. हिराजीने सांगितले की कड्याच्या कुशीत, डाव्या हाताला, अजून एक धार लागते आहे. पण हिराजीने आणलेले पाणी स्वयंपाकाला चालणार नव्हते आणि मी आणलेलेही. ते पाणी स्नान करून, ओल्या वस्त्राने ब्राह्मणानेच आणायला हवे. हेडमास्तर दमलेले नव्हते, फक्त उठू शकत नव्हते. तेव्हा कळशी घेऊन तात्या गेले.

बराच वेळ झाला तरी ते येईनात, म्हणून आम्ही सगळे तिकडे गेलो.

खडकाच्या एका घळीत दोन पुरुष उंचीवरून करंगळीएवढी धार पडत होती. म्हशीचे दूध काढतानाही याहून मोठी येते. खाली गुडघाभर डोह होता. त्या धारेखाली तात्या उभे होते. पगडी, अंगरखा, उपरणे, सगळ्यासकट. पगडीचा लाल रंग कपाळावरून गालांवर ओघळत होता. कळशी डोहात तरंगत होती. त्यांनी दोन्ही तळवे वर धरले होते आणि पाणी तळव्यावर आपटून उडाले की ते मान मागे घेत, पुन्हा पुढे करीत. त्यांनी आम्हांला पाहिले आणि त्यांचा चेहरा इतका आनंदी झाला की मी नजर खाली वळवली.

"साहेब," ते हेडमास्तरांना ओरडून म्हणाले, "अहो, हे खरंच वरून पडतं हो."

हेडमास्तर धारेकडे पाहू लागले. नानासाहेब मात्र कायदा जाणणारे होते.

"म्हणजे, तात्या, यापूर्वी तुम्ही...?"

त्या वेळीही ते सावरू शकले असते. माणूस आनंदात काहीही बोलतो, म्हटले असते तर नानासाहेबांनी मानले असते. त्यांना पिठल्याची घाई होती. तात्यांनी धारेखालून बाहेर येण्याची तसदीसुद्धा घेतली नाही.

"नाही," ते म्हणाले. "हा पहिला."

आणि पुन्हा वर पाहू लागले.

परतीच्या वाटेवर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतले. "हिंगमिरे, तुम्ही त्यांच्या समोरच राहता. तुम्हांला हे ठाऊक होतं का?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

मला जागा देणाऱ्या, माझ्यासाठी अख्ख्या चाळीशी भांडणाऱ्या माणसाच्या उपयोगी माझी कृतज्ञता त्या दिवशी एवढीच पडली. गाडीत तात्या ओल्या कपड्यांनी खिडकीशी बसले होते. खाडी आली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि पूल संपेपर्यंत खाली पाण्याकडे पाहत राहिले.

पुढच्या सोमवारपासून चौथीचा भूगोल माझ्याकडे आला. तात्यांना पहिलीचे मोडी आणि सुलेखन मिळाले. मी कृतज्ञ होतो, म्हणून मी तास घेतला आणि कृतज्ञच राहिलो. त्यांनी आपल्या टिपणांच्या सगळ्या वह्या माझ्या खोलीत आणून ठेवल्या, आणि मी त्या शब्दशः वापरल्या. पाणी थबकते, मग एकदम अंग टाकते, खाली त्याचा धूर होतो. पुढे तपासायला आलेल्या साहेबांनी शेरा दिला की पदवीधर नेमल्यामुळे विषयात मोठी सुधारणा झाली आहे.

पुढच्या पावसाळ्यात चाळीत तात्या रविवारी दिसेनासे झाले. काकूंना विचारले तर त्या म्हणत, "गेलेत कड्यावर. पूर्वी भोईवाड्याचं वर्णन महिनाभर चालायचं. आता परत येतात, धोतर पिळतात आणि जेवायला बसतात. काय पाहिलंत म्हटलं तर नुसते हसतात."

भाद्रपद लागताच मला सोलापूरच्या हायस्कुलातून बोलावणे आले. माझा गिरगावातला शेवटचा सोमवार होता. सकाळी मी चौथीत धबधबाच शिकवत होतो. मध्येच मुले दाराकडे पाहू लागली. दारात तात्या उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पगडीऐवजी पंचा गुंडाळलेला. भायखळ्याहून भर पावसातून थेट आले होते. ते पाठ संपेपर्यंत ऐकत राहिले. घंटा झाल्यावर मी बाहेर गेलो.

"कालची गाडी चुकली," ते म्हणाले. "ठाकरवाडीत राहिलो. त्यांनी भाकर दिली."

"मग?"

"मग काय? खाल्ली." त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, त्यांच्याच अक्षरातले ते पान पाहिले आणि मिटून परत दिली. "हिंगमिरे, हा पाठ आता मुलांना सांगू नका. हे असं नसतं."

"चूक आहे का काही?"

"चूक नाही. नसतं असं."

"मग कसं असतं? सांगा, मी लिहून घेतो." मी खरोखरच खिशातून पेन्सिल काढली.

तात्यांनी हात वर नेला, वर्गात नेत तसा. डोळे मात्र मिटले नाहीत. हात बराच वेळ तसाच वर राहिला. पलीकडे पहिलीच्या खोलीतली मुले बोरू खाली ठेवून गलका करीत होती, आणि हेडमास्तर आपल्या दारातून घड्याळ हातात घेऊन आमच्याकडे पाहत होते.

"आवाज फार होतो हो," ते शेवटी म्हणाले. "जवळ उभं राहिलं की काही बोलताच येत नाही."

हात खाली आला. धोतराचा ओला काचा सारखा करीत ते पहिलीच्या खोलीकडे वळले. आत गेल्यावर गलका थांबला. मी दारावरून गेलो तेव्हा ते फळ्याकडे तोंड करून एका मुलाला बोरू कसा धरायचा ते हवेत दाखवत होते, आणि त्यांच्या धोतरातून निथळणाऱ्या पाण्याचे पायाशी तळे साचत होते.